चार नंबर जेटची काळी स्क्रीन

सुरतजवळ पलसाण्याच्या ज्या डाइंग मिलमध्ये मी कंत्राटी इलेक्ट्रिशियन होतो, तिथे माझे मामा चार नंबरच्या जेट मशीनवर ऑपरेटर होते. जेट म्हणजे एक मोठी बंद टाकी. आत पॉलिस्टरचं कापड रंगाच्या कढत पाण्यात फिरत राहतं आणि बाहेरून काहीच दिसत नाही. शेजारच्या पॅनेलच्या दारावर तळहाताएवढी स्क्रीन असते. तिच्यावरचं तापमान वाचून ऑपरेटरने केमिकल सोडायचं आणि वेळ झाली की थंड पाण्याचा व्हॉल्व्ह उघडायचा.

त्या हिवाळ्यात मामांच्या हातचे दोन लॉट बिघडले. कापडावर फिके-गडद पट्टे उमटले. मामांचं म्हणणं असं, की ऐन वेळी स्क्रीन काळी होते, आकडे दिसत नाहीत आणि व्हॉल्व्ह अंदाजाने उघडावा लागतो. मॅनेजरचं म्हणणं, मामा झोपतात. मशीनच्या नोंदीत सगळं सुरळीत होतं, कंट्रोलर एकदाही बंद पडला नव्हता. तिसरा लॉट बिघडला तर घरी बसा, असं मामांना तोंडी सांगण्यात आलं. मामा पन्नाशी ओलांडलेले. त्या वयाच्या ऑपरेटरला दुसरी मिल दारात उभं करत नाही.

माझे वडील सुरतेतल्या उधन्यात लूमवर होते आणि सुट्टीच्या दिवशी युनियनची पत्रकं वाटायचे. आमच्या घरात गोष्टींची पुस्तकं नव्हती, पत्रकांचे गठ्ठे होते. त्यांच्यावरच मी अक्षरं जोडायला शिकलो. मालकाच्या नोंदवहीवर विश्वास ठेवायचा नाही, हे मला कुणी वेगळं शिकवलं नाही. माझ्या मनात चित्र तयार होतं. पक्क्या कामगाराला खोटं पाडायचं, काढायचं आणि त्या जागी माझ्यासारखा कंत्राटी उभा करायचा. प्रश्न एवढाच होता की हे करतंय कोण.

माझा संशय मेन्टेनन्सच्या साहेबांवर होता. सुरतचेच, सडपातळ, कॉलरवर रुमाल ठेवणारे आणि कमी बोलणारे. मामांनी बोलावलं की ते यायचे, चावीने पॅनेलचं दार उघडायचे, आत डोकावायचे, स्क्रीनवर टिचकी मारायचे आणि म्हणायचे, "चालु छे ने?"

स्क्रीन लख्ख असायची.

पाच नंबरवाला ऑपरेटर हसायचा. "मामा, तुमची स्क्रीन भारी लाजाळू आहे. तुमच्यासमोर तोंड लपवते, साहेब आले की पदर सावरून उभी."

घरी आल्यावर मामा आमच्या अहिराणीत बोलायचे. "मी झोपस नही. दिवा मालवस, मशीन चालू ऱ्हास. कोणले सांगू?"

यातलं "दिवा मालवतो" माझ्या डोक्यात अडकलं. मी त्यांना एक छोटी टॉर्च दिली आणि सांगितलं, पुन्हा काळी झाली तर उजेड समोरून नको, तिरका मारा. दोन दिवसांनी त्यांनी मला हाक मारली. स्क्रीन काळी होती. मामांनी टॉर्च कडेला धरून तिरकी केली आणि नीट न पुसलेल्या पाटीवर जुनी अक्षरं दिसावीत तसे आकडे दिसले. तापमान, वेळ, सगळं जागेवर. तो लॉट मामांनी टॉर्चच्या उजेडात काढला आणि तो चांगला निघाला.

म्हणजे स्क्रीन मरत नव्हती. तिच्या मागचा दिवा मरत होता.

मी हे साहेबांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, चारची स्क्रीन सहाला लावू, सहाची चारला. स्क्रीनचा दोष असेल तर तो तिच्याबरोबर सहाला जाईल. गोष्ट बरोबर होती, पण ते खरंच बदलतील यावर माझा विश्वास नव्हता. आदल्या दिवशी मी चारच्या स्क्रीनच्या चौकटीखाली बॉलपेनने एक ठिपका काढून ठेवला. बदली झाल्यावर ठिपका सहावर सापडला. माणसाने सांगितलं तेच केलं होतं. मला थोडं वाईटही वाटलं, कारण पकडायला काही हाती लागलं नव्हतं.

सहा नंबर ठणठणीत चालला. चार नंबर सहाच्या स्क्रीनसकट काळा झाला.

यावर मॅनेजरने निष्कर्ष काढला की स्क्रीन चांगली आहे, तेव्हा माणूस वाईट आहे. शनिवारी चौकशी ठेवली. मामांनी म्हणे टॉर्च मुद्दाम आणली होती, नाटक करायला.

मग मला वाटलं, ऑफिसमधून कुणी सेटिंग बदलत असेल. काही वेळाने उजेड आपोआप बंद करण्याची सोय अशा स्क्रीनमध्ये असते. पासवर्ड पॅनेलच्या कडेला चिकटपट्टीवर लिहिलेला होता, खात्यातल्या सगळ्यांना पाठ. मी सेटिंगचं पानामागून पान पाहिलं. ती सोय बंदच होती. बदल केल्याची खूणही नव्हती.

गुरुवारी चारच्या पॅनेलचं कुलूप तुटलं. दार दिवसभर अर्धवट उघडं लोंबत राहिलं आणि मामांची स्क्रीन पाळीभर एकदाही मालवली नाही. शुक्रवारी सकाळी मीच नवं कुलूप बसवलं. अर्ध्या तासात स्क्रीन काळी.

तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं. तपासायला येणारा प्रत्येक जण आधी दार उघडत होता. दोष फक्त बंद दारात होता, आणि बंद दाराच्या आत बघायला कुणी जात नव्हतं. मीसुद्धा नाही.

मी हात आत घालून दार हळूहळू लोटलं. स्क्रीनच्या खाली, दाराच्या आतल्या बाजूला, मशीनची ड्रॉइंग ठेवायला पत्र्याचा खिसा असतो. तो फुगला होता. दार लागलं की तो फुगवटा वायरींची जुडी आतल्या लोखंडी पट्टीच्या धारेवर दाबायचा. दिव्याला वीज देणाऱ्या वायरीचं आवरण तिथे कापलं गेलं होतं, आणि मशीन थरथरली की आतली तार कधी जुळायची, कधी सुटायची. मी खिसा रिकामा केला. ड्रॉइंगच्या मागे वर्तमानपत्रात बांधलेला जाड गठ्ठा होता.

माझीच पत्रकं. कंत्राटी कामगारांना प्यायचं पाणी मिळत नाही, यावर मी लिहिलेली, उधन्यात झेरॉक्स काढलेली आणि दिवाळीआधी मामांकडे वाटायला दिलेली.

"मामा, हे काय?"

मामांनी गठ्ठ्याकडे पाहिलं, मग आजूबाजूला. "त्याच दिवशी गेटवर झडती सुरू झाली. परत कसे नेणार? इथे सारले."

"वाटून झाले म्हणून सांगितलं होतं तुम्ही."

"वाटणारच होतो, भाचेबुवा. जरा थंड झाल्यावर. मग राहून गेलं."

"एकही नाही?"

"पाच नंबरवाल्याला दिलं ना एक. त्याने त्यात तंबाखू बांधली."

मला हसू आलं नाही. गठ्ठा गुपचूप काढला असता तर दिवा पुन्हा गेला नसता, पण मामा कायमचे झोपाळू आणि खोटारडे ठरले असते. वायर दाखवली तर पुढचा प्रश्न ठरलेला होता. आणि पॅनेलमध्ये असले कागद लपवणारा ऑपरेटर त्याच दिवशी गेटबाहेर गेला असता.

"काय दाबत होतं, ते सांगू नको," मामा म्हणाले.

"खोटं बोलू?"

"खोटं कोण बोल म्हणतंय? गप्प बस. ते वेगळं असतं."

दुपारी जेवणाच्या सुट्टीत मामांनी गठ्ठा चिंध्यांच्या टोपलीत घालून बॉयलरकडे नेला. मी अडवलं नाही.

शनिवारी चार नंबरसमोर मॅनेजर, साहेब, मामा आणि मी उभे होतो. मी तळहाताने खिशाची जागा दाबत दार लोटलं. स्क्रीन काळी. हात सैल केला. उजेड. मॅनेजरने स्वतः करून पाहिलं, दोनदा. मग कापलेली वायर बोटाने चाचपली आणि मला विचारलं, "इसमें था क्या, जो दबा रहा था?"

मामा जमिनीकडे बघत होते. सत्य लपवणारा हा मालकाचाच माणूस, असं मी पत्रकात कितीदा लिहिलं असेल. मी वाकून कापलेली वायर पुन्हा तपासायला लागलो.

"मॅन्युअल हतुं," साहेब म्हणाले. "जाडुं. में ज मूकेलुं."

मॅन्युअल होतं, जाडं, आणि ते आपणच ठेवलं होतं, असं ते सांगत होते. मॅनेजरने सगळ्यांसमोर त्यांना झापलं आणि लेखी ताकीद देतो म्हणून सांगितलं. मामांना म्हणाला, "जाओ, काम करो." चौकशी संपली. मामा चार नंबरवरच राहिले.

सोमवारी मी साहेबांच्या केबिनमध्ये गेलो. ते त्यांच्या गुजराती-हिंदी मिश्रणात बोलत होते, मी माझ्या.

"साहेब, मॅन्युअल नव्हतं."

"माहीत आहे."

"कधीपासून?"

"पहिल्यांदा दार उघडलं तेव्हापासून. गठ्ठा सोडला, तुझ्या अक्षरातले कागद दिसले."

"मग इतके दिवस गप्प का? मामांची नोकरी चालली होती."

"कागद वायर दाबतायत हे मला कुठे कळलं? मीही दार उघडूनच बघत होतो. मला वाटलं, झोपतात."

"मग कागद मॅनेजरला का नाही दाखवले?"

"माझे नव्हते," ते म्हणाले. मग म्हणाले, "त्यात एक चूक आहे. तू लिहिलंयस, पाण्याचा कूलर एकच आहे. दोन आहेत. दुसरा फोल्डिंग खात्यात."

"तो बंद असतो."

"मग बंद आहे असं लिही. नाही म्हणून लिहू नकोस."

मी त्यांच्या टेबलाच्या खणाकडे बघत होतो. इतकं नीट आठवतंय म्हणजे एक प्रत तिथे असणार. ती कशासाठी ठेवली असेल, हे मला त्यांना विचारता आलं नाही.

संध्याकाळी मामांना सगळं सांगितलं.

"चांगला माणूस आहे," मामा म्हणाले.

"असं का केलं ते कळेपर्यंत मी चांगला म्हणणार नाही."

"आणि तू का गप्प बसलास?"

"तुम्हीच सांगितलं होतं."

"मी तर रोजच काही ना काही सांगतो," मामा म्हणाले. "तू कधी ऐकलंस?"