आबांना कचेरीत नेलं तो दिवस

माझे वडील, आबा, पोलिसांत जमादार होते. नोकरी संपल्यावर सोनगीरला येऊन राहिले. लढाईच्या काळात एका सकाळी ते अंगणातच कोसळले. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. मी विधवा होऊन माहेरी परतलेली. त्यांना कुशीवर वळवणं, पुसणं, भरवणं सगळं माझ्याकडे आलं. भाऊ जामनेरला नोकरीला. 'रजा मिळत नाही,' एवढाच त्याचा निरोप.

घर चालायचं आबांच्या पेन्शनीवर. आजवर ते स्वतः धुळ्याला जाऊन ती आणत. आता मी गेले, तर कचेरीतला कारकून म्हणाला, "माणूस समोर दिसल्याशिवाय पेन्शन नाही. ते हयात आहेत कशावरून?"

"मी त्यांची मुलगी. मी सांगतेय ना!"

"मुलंबाळंच असं सांगतात, बाई."

रिकाम्या हाताने परतले. औषध बंद झालं. ज्वारी शेजारणीकडून उसनी आणायची वेळ आली. शेवटी तीच म्हणाली, "मना देर उद्या धुयाले जाई ऱ्हायना. कापूसनी गाडी शे. आबाले वर निजाडी ले."

तिच्या दिराने आणि मी आबांना गोधडीत घालून कापसावर निजवलं. सडकेला लागलो तेव्हा ऊन तापलं होतं. पाण्यात भिजवलेलं फडकं मी त्यांच्या ओठांवर धरत होते. मध्येच त्यांच्या छातीत घरघर सुरू झाली. डोळे पांढरे झाले.

गाडी थांबवून तो मागे वळला. "अक्का, बैलं मांगे फिरावू का?"

वाटेत काही झालं, तर चार पैशांसाठी बापाला उन्हात मारलं असं सारं गाव म्हणेल, आणि ते खोटंही नसेल. पण परत नेऊन तरी त्यांना काय भरवणार होते?

"नको भाऊ. चल पुढे."

कचेरीच्या दारातच कारकुनाने बजावलं, "वर आणा. साहेब खाली येत नाहीत."

आम्ही गोधडीची टोकं धरून जिना चढू लागलो. अर्ध्यावर माझ्या हातातलं टोक सुटलं. कामासाठी आलेल्या एका अनोळखी माणसाने धावत येऊन आबांचं डोकं झेललं, म्हणून वाचले.

साहेबांनी विचारलं, "नाव काय तुमचं?"

आबांच्या घशातून नुसता आवाज आला.

"बोलत नाहीत, साहेब," कारकून म्हणाला. "हेच ते कशावरून?"

मी काही म्हणायच्या आत आबांनी डाव्या हाताने आपला लुळा उजवा हात धरला, उचलत उचलत कपाळापर्यंत नेला आणि सलाम ठोकला.

साहेब खुर्चीतून उठले. मग म्हणाले, "यांना आणायची गरजच नव्हती. अशा आजारात डॉक्टरचा आणि पाटलाचा दाखला चालतो."

मी कारकुनाकडे पाहिलं. "तुम्हाला ठाऊक होतं?"

"तुम्ही कुठं विचारलंत?" तो म्हणाला.

जिन्यावर मला रडू फुटलं, ते रागाने.

पेन्शन सुरू झाली. त्यातून मी पहिलं काम केलं ते आबांना उचलायला सकाळी गल्लीतली एक बाई लावण्याचं. ती आली त्या पहिल्या सकाळी मी चुलीपाशी जरा टेकले, आणि तिथेच झोप लागली. तिने आबांचं सगळं आवरलं, त्यांना पेज भरवली. मला मात्र उठवलं नाही.