सतरा नंबरची उजवी दाढ

दातांच्या डॉक्टरच्या खुर्चीत आडवं व्हायला सतरा नंबर साफ नकार देत. "मी जेवतो बसून, आणि तुम्ही माझा चावा बघणार झोपवून? हे कुठलं टेस्टिंग, डॉक्टरबाई?" असं म्हणून ते खुर्चीच्या कडेला ताठ बसत, दोन्ही पावलं जमिनीला टेकवत आणि मगच तोंड उघडत. मला त्यांच्यासमोर वाकून उभं राहावं लागे. कंबर माझी मोडायची आणि समाधान त्यांच्या चेहऱ्यावर दिसायचं.

सतरा हा त्यांचा आमच्या अभ्यासातला क्रमांक. बेंगळुरूतल्या शिवाजीनगरजवळच्या एका डेंटल कॉलेजात सिरॅमिकच्या कॅप दाढेवर कितपत टिकतात, याचं संशोधन चालू होतं आणि पुण्याहून नवीन आलेली मी त्यावर नेमलेली डॉक्टर होते. कॅप बसवायची, मग दर सहा महिन्यांनी पेशंटला बोलावून तडा गेलाय का, झीज झालीय का, ते लिहून ठेवायचं. बाकीच्यांना यायला फोन करकरून जीव जायचा. सतरा नंबर मात्र तासभर आधीच बाहेरच्या बाकावर येऊन बसत आणि दार उघडलं की हात वर करून म्हणत, "सतरा नंबर हजर!"

ते मूळचे मिरजेचे. सरकारी कारखान्यात इंजिनियर होते. यंत्राचे सुटे भाग किती ताणाला तुटतात हे तपासण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. बायको वारलेली, मुलगा परदेशात, आणि इतकी वर्षं बेंगळुरूत काढल्यामुळे मिरजेच्या मराठीत कन्नड मिसळलेली. "स्वल्प थांबा, कमरेवर दोन्हीकडून सारखं वजन येऊ दे. माणूस एका बाजूला कलला की जबडापण कलतो. सरी, आता बघा." मी मनात हसायचे. एकदा त्यांचं तोंड बंद करावं म्हणून निळा कागद दातांत धरायला लावून आडवं आणि बसून असा दोन्ही प्रकारे त्यांचा चावा तपासला, तर खुणा खरोखरच वेगवेगळ्या उमटल्या. आमच्या सरांना दाखवलं. सरांनी त्या दिवसापासून सगळ्यांचीच तपासणी बसवून करायला सांगितली. हे कळल्यावर सतरा नंबर नुसतं 'सरी', म्हणजे ठीक, एवढंच म्हणाले, पण पुढच्या वेळी कडक इस्त्रीचा शर्ट घालून आले.

फॉर्मवर एक प्रश्न असे: काही तक्रार? बाकीचे मान हलवून मोकळे होत. हे सविस्तर सांगत. "दाढ उत्तम. भात मात्र रोज उरतो. एकट्याचा अंदाज अजून येत नाही." मी लिहायचे, तक्रार नाही. खरं तर दिवसभर हिंदी-इंग्रजी बोलून मला मराठीची इतकी भूक लागलेली असायची की त्या उरलेल्या भाताबद्दलसुद्धा मी आणखी दोन प्रश्न विचारायचे. ते फॉर्मवर नव्हते.

दोन वर्षं झाली तरी सतरा नंबरच्या उजव्या दाढेवरच्या कॅपवर ओरखडा नव्हता. सर तिचा फोटो जिथे जातील तिथे दाखवत. अशाच एका तपासणीनंतर मी कॅन्टीनमध्ये गेले, तर कोपऱ्यात सतरा नंबर खाराबात, म्हणजे इकडचा तिखट उपमा, खात बसले होते. आम्हाला वजनावर व्याख्यानं देणारा हा माणूस डाव्या कोपरावर पार कलला होता. फक्त डावा गाल हलत होता. एक काजू उजवीकडे गेला, तो त्यांनी जिभेने घाईघाईने डावीकडे घेतला. ताट हातात घेऊन मी बघतच राहिले.

"काका, उजवी दाढ दुखते?" मी समोर बसत विचारलं. त्यांना काका मी पहिल्यांदाच म्हटलं.

ते दचकले. मग ताठ झाले. "छे. उत्तम आहे."

"मग?"

"तुम्हीच वाचून दाखवलं होतंत ना पहिल्या दिवशी? कॅप तुटली की अभ्यासातून बाहेर. मग येणं बंद." त्यांनी चमचा खाली ठेवला. "दोन वर्षं उजवीकडे घास नेला नाही. आयुष्यभर पार्ट तुटेपर्यंत तपासले, डॉक्टरबाई. हा एक तुटू द्यायचा नव्हता."

मी गप्प बसले असते तर कुणाला कळलं नसतं. पण न चावलेल्या कॅपची मजबुती लिहायची तरी कशी? माझी घालमेल त्यांनीच ओळखली. "लिहा तुम्ही. खोटं रीडिंग मी कधी कुणाचं चालवून घेतलं नाही." मी लिहिलं. सर आधी माझ्यावर उखडले, मग त्यांनी सतरा नंबर अभ्यासातून वगळला.

ते सांगायचं कामही माझ्याच गळ्यात आलं. बाकावर ते डायरी उघडून बसले होते, पुढची तारीख लिहून घ्यायला. मी सगळं सांगितलं आणि वर म्हटलं, "तरी येत जा, काका."

"कशासाठी?" त्यांनी विचारलं. रागाने नाही. पेन हातात होतं. त्यांना खरंच काहीतरी लिहून घ्यायचं होतं.

"तब्येत सांभाळा," म्हणाले मी. त्यांनी डायरी मिटली, सरी म्हणाले आणि निघाले. गेटाशी त्यांनी शेंगदाण्यांची पुडी घेतली. दाणे उजव्या बाजूने चावत ते बसस्टॉपकडे गेले.

सहा महिन्यांनी, त्यांची तारीख आली असती त्या दिवशी, माझी नजर सारखी बाकाकडे जात होती. शेवटी फोन लावला. शेजारच्या अक्कांनी उचलला. किल्ली नि फोन मुलाने त्यांच्याकडे ठेवला होता. काकांना जाऊन दोन महिने झाले होते. हृदयविकाराचा झटका. अभ्यासात असते तर निदान त्यांच्या नावापुढे काहीतरी भरावं लागलं असतं. आता तेही नव्हतं. मी फोन ठेवला आणि अठरा नंबरला आत बोलावलं.

आजही मी पेशंटला आधी ताठ बसवते, पावलं टेकवायला लावते आणि मग चावा बघते. सर्जापूर रोडवरच्या माझ्या घरात तेव्हाही जेवणाच्या टेबलाला दोन खुर्च्या होत्या. माझ्याबरोबर राहणारी मैत्रीण नोकरी बदलून गेली, तेव्हा त्या ठेवून गेली होती. एकीवर मी धुतलेले कपडे टाकायचे, दुसरीवर बॅग. जेवायचे पलंगावर, मोबाइल बघत, एका कुशीवर कलून. कशासाठी येऊ, असं त्यांनी पेन हातात धरून विचारलं होतं. जेवायला या, काका, एवढंच म्हणायचं होतं.