ताकाची कासंडी आन् चारी चाकं वडनारी गाडी

फौजेत मी ड्रायव्हर व्हतो. म्हंजी सरकारनं ट्रक दिला व्हता आन् तो चालायचा. त्यात माझा वाटा किती, ते ट्रकलाच ठावं. शाळेचं तोंड बघितलं न्हवतं, भरतीच्या कागदावर अंगठा उठवलेला. गाडी मागं घेताना एकदा भटारखान्याची भिंत पाडली, तेवढीच माझी कामगिरी. असला मी माघारी आल्यावर गावानं हवालदार करून टाकला. फौजेला जे जमलं न्हाई ते गावाला जमलं.

बांगलादेशच्या लढाईनंतर फौजेच्या जुन्या जिपा लिलावात निघायला लागल्या. आमच्या भागातलं ऊसवालं, व्यापारी त्या घरच्या मान्सांसाठी घ्यायचं, कारन पावसाळ्यात रानातनं, डोंगरातनं साधी मोटार निघायची न्हाई. जिपंला पुढची चाकंबी वडत्यात. घ्यायच्या आधी मला बोलवायचं. पोरगी बघायला निघावं तसा मी फेटा बांधून जायाचो. टायरला लाथ घालायची, बॉनेटला कान लावायचा, डोळं मिटून जरा गप उभं ऱ्हायाचं. लोक श्वास धरून बघायचं. मला ऐकू काय यायचं? इंजिन चालू हाय, एवढंच.

खरी पारख बायकोची. पहिल्यांदा एक जीप बघायला गेलो तवा ती भैनीकडं निघालेली म्हनून मागं बसली. मांडीवर ताकाची कासंडी. मी जीप घेनाऱ्याला सांगत व्हतो, नवरीवानी चालतीया, आन् मागं बघतो तर बायकोचं लुगडं ताकानं पांढरं झालेलं. ती म्हनली, "ह्या नवरीला माहेरीच ठेवा." त्या मान्सानं जीप घेतली न्हाई, आन् म्हैन्याच्या आत त्या जिपंचं चाकांवरल्या स्प्रिंगंचं पाटं मोडलं. तवापासनं गाडी बघायची म्हंजी हवालदार स्टेरिंगवर आन् हवालदारीन मागं, मांडीवर काठोकाठ भरलेली कासंडी. लोक सांडलेलं ताक बघायचं. ती उतरून सांगायची, घ्या, न्हाईतर ऱ्हाऊ द्या. मान मला मिळायचा, लुगडं ती धुवायची.

मंग एका पावसाळ्यात तिच्या पोटात गाठ निघाली. सांगलीच्या दवाखान्यात ठेवली. मी व्हरांड्यात बसून शेजारच्या खाटंवरल्या म्हातारीला हसवायचो. बायकोला हसू आलं की पोटात कळ यायची, म्हनून तिच्याशी गप बसायचो. एक दिवस डाक्टरनं मला बाजूला घेतलं आन् म्हनलं, घरी न्या, जे खावंसं वाटंल ते द्या. मी म्हनलं, साखर चालंल का? मला खरंच कळलं न्हवतं. आत गेलो, तर बायकोनं पिशवी भरून ठेवलेली. तिला कवाच कळलं व्हतं.

आमची वाडी पाटनच्या वर, ओढ्यापल्याड चढाला. मोटार ओढ्यापतूर यायची. पावसाळ्यात आजारी मानूस असंल तर तिथनं खाटंवर घालून चौघं खांद्यावर वर न्यायचं. आमच्याकडं रीतच ती. पर बायको म्हनली, "मला खाटंवर नेऊ नका. चौघांच्या खांद्यावर एकदाच जाईन. दोनदा न्हाई."

सांगलीचं एक हळदीचं व्यापारी, जैन, आमी त्यास्नी आण्णा म्हनायचो. त्यांची एक गाडी मी बघून दिली व्हती. दवाखान्यात त्यांची रोजची फेरी असायची. मी त्यास्नी खाटंचं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आन् म्हनलं, घरच्यांसाठी एक लांब बॉडीची गाडी बघतोय, आठ मान्सं बसत्यात, चारी चाकं वडत्यात, ट्रायलला आनलीय. "सांगलीच्या सडकंवर काय कळनार हवालदार? तुमच्या चढाला लावून बघा. दारापतूर गेली तर घेतो." मला उपकार वाटाय नको म्हनून त्यांनी ट्रायलचं नाव घेतलं. मीबी फेटा बांधला.

मागच्या सीटा काढून गोधड्या टाकल्या, तिला निजवलं. इस्लामपूरपतूर सडक बरी व्हती. मी आपला सवयीनं बोलायला लागलो, किलच पायाला हलका हाय, जरा लांब हाय म्हनून वळनाला जड जातीया, गेर पडताना खरखरतोय. मागनं आवाज आला, "आवं, तुमी गप गाडी चालवा. बघनारी मी हाय."

कराड आलं तवा मी इचारलं, कासंडी न्हाई मांडीवर, तुला कळंल कसं?

ती म्हनली, "कासंडीनं कवा कळलं? रस्ता वाईट असला की ताक सांडायचंच. मी धरून बसायची न्हवं? गाडी वाईट असली की माझं मनगाट दुखायचं. त्यावरनं सांगत व्हते."

इतकी वर्सं मी पुढं बसून बॉनेटला कान लावला. मागं मनगाट दुखतंय हे एकदाबी ऐकू आलं न्हवतं.

"मंग आता कुठं दुखतंय?" मी इचारलं.

"आता सगळीकडंच दुखतंय. म्हनून जरा येळ लागंल सांगायला."

पाटनच्या पुढं पाऊस लागला. ओढ्यावर आलो तर सांगावा मिळून आलेलं चौघंजन डोक्यावर पोत्याच्या खोळा घेऊन उभं, आन् त्यांच्या मधी खाट. त्यातला एक माझा चुलतभाऊ. त्यो म्हनला, गड्या, गाडी न्हाई जायाची, चिखल लय हाय, वैनीला खाली घे. त्याचं काय चुकलं? रीतीनं आलेला मानूस. मागं तिनं खाट बघितली. माझ्याकडं पाठ करून वळली.

मी पुढच्या चाकांचा दांडा वडला. ओढ्याचं पानी दारातनं आत आलं, गोधडीची कड भिजली. चढाला लागलो. मधी एका जागी मागची चाकं नुसती फिरायला लागली, गाडी खाली सरकली, आन् मला भटारखान्याची भिंत आठवली. मंग पुढच्या चाकांनी दगड धरला. गाडी दमानं, एकएक वीत करत वर चालली. आरशात बघितलं तर चौघंबी खाट घेऊन मागनं चालत येत व्हतं, गाडी अडकंल तर हाताशी असावं म्हनून. आमी पुढं आन् ती खाट मागं. मी आरसा वाकडा केला.

दारात गाडी थांबली. तिला उचलायला गेलो, तर म्हनली हात द्या नुसता. माझ्या खांद्याला धरून उंबऱ्यापतूर चालत गेली. उंबऱ्यावर टेकली, दम खाल्ला आन् म्हनली, "आण्णांस्नी सांगा, बायामान्सांना बसायला बरी हाय. डावीकडं जरा झुकतीया, तेवढं पाटं बघून घ्या. घ्या म्हनावं."

आण्णांनी गाडी घेतली. पोळ्याच्या आधी बायको गेली. चौघांच्या खांद्यावर, एकदाच. चुलतभाऊ पुढं व्हता.

दसरा झाल्यावर आण्णा तीच गाडी घेऊन ओढ्यापतूर आलं, चालत वर आलं. त्यांच्या पावन्याला अशीच गाडी घ्यायची व्हती, म्हनलं बघायला चला. मी न्हाई म्हनलो. ते उठलं न्हाईत. मंग मी खुंटीवरनं कासंडी काढली, भावजयीकडनं ताक आनलं, काठोकाठ भरलं. खाली गेलो. आण्णांस्नी म्हनलं, आधी तुमच्याच गाडीत बसून बघतो, तुमी चालवा. मागं बसलो, तिच्या जागंवर, कासंडी मांडीत घेऊन.

पाटन यायच्या आत सगळं ताक माझ्या धोतरावर व्हतं. आण्णांनी वास आल्यावर गाडी बाजूला घेतली, मागं वळून बघितलं. सडक कोरडी, सरळ व्हती.

"काय झालं हवालदार? पाटं गेलं का?"

"न्हाई आण्णा," मी म्हनलं. "गाडी चांगली हाय. मला धरता येत न्हाई."