मावशीच्या देवघरातला स्कॅलप

मंडळी, आजचीच गोष्ट.

सकाळी वडगाव रासाईला मावशीकडं गेले. देवघरात हळदीकुंकू वाहिलेला शिंपला दिसला. "भीमेतला हाय, एका बाबानं दिलाय. पोरगा व्हावा म्हणून सूनबाईला रोज यातनंच पाणी पाजती," मावशी म्हणाली.

मी प्राणिशास्त्र शिकवते. पंख्याचा आकार, उठावदार रेघा, सांध्याजवळ कानासारखे दोन कोपरे. हा स्कॅलप, म्हणजे समुद्रातला शिंपला! भीमेतला शिंपला लांबट, काळपट असतो. शिवाय सांध्यात सडकं मांस चिकटलेलं, वास मारत होतं.

मी सांगितलं, तर मावसभाऊ म्हणतो, "समुद्राचा आसंल तर जास्त पावरफुल!"

वहिनी, म्हणजे त्याची बायको, पाण्याचा तांब्या घेऊन आली. मी त्याच शिंपल्यात पाणी ओतून भावाच्या तोंडापुढं धरलं.

"शी!" म्हणून त्यानं तोंड फिरवलं.

बायकोला रोज पाजताना ही शी कुठं जाते हो?