तुझा धूर कोणता?

"तुझा धूर कोणता?" कॅप्टन साहेबांनी रेडिओवर विचारलं.

मी मान वर केली. तोवर मी फक्त माझ्या समोरचा धूर पाहत होतो. ओलं गवत आणि कापसाच्या पऱ्हाट्या घालून मीच पेटवलेला, सरळ वर जाऊन मग आळसावल्यासारखा एका बाजूला कलणारा. आता पहिल्यांदा लांब पाहिलं. ओढ्यापलीकडे एक धूर. त्याच्या पलीकडे दोन. गावाच्या अंगाला किती तरी. सगळे एकाच रंगाचे, एकाच बाजूला कललेले. मध्ये पिवळसर धुरकट हवा, आणि तिच्यात कुठे तरी साहेब उडवत होते ते आमचं हेलिकॉप्टर. आवाज येत होता, पण दिसत नव्हतं.

"साहेब, स्टँड बाय," मी म्हणालो. स्टँड बाय म्हणजे थांबा, सांगतो. सांगायला माझ्याकडे काही नव्हतं.

मी मूळचा कोकणातला, खाडीकाठचा. सातवीत शाळा सुटली. होडीवर काम केलं, मग ओळखीतून एका हेलिकॉप्टर कंपनीत लागलो. काचा पुसायच्या, बॅरलमधून इंधन भरायचं, रात्री बॅटऱ्या चार्जिंगला लावायच्या. मला सारखं वाटायचं की आज ना उद्या कुणी विचारणार, ह्याला इथे कुणी घेतलं? बर्वे साहेब आमचे इंजिनिअर. त्यांनी तो प्रश्न कधी विचारला नाही. उलट एक दिवस रेडिओ माझ्या हातात दिला.

"साहेब, मला इंग्रजी येत नाही."

"इंग्रजीचा संबंध नाही रे. बटण दाब, एक श्वास थांब, बोल, बटण सोड. लोक सोडायचं विसरतात. मग समोरच्याला बोलताच येत नाही."

हातात मावेल असा तो रेडिओ होता, वर रबरी अँटेना. विमानांच्या बोलण्याचा पट्टा वेगळा असतो, तो ह्यात मिळतो. बाजूला एक गोल बटण, त्याला स्क्वेल्च म्हणतात. ती खरखर गाळायची चाळणी समजा. पूर्ण उघडली की लांबचा बारीक आवाजही येतो, पण सोबत खरखर येते. मला ती खरखर आवडायची. जेवण झाल्यावर तंबूत बॅटरी तपासायच्या निमित्ताने ती ऐकत बसायचो. डोळे मिटले की भरतीच्या वेळचा आमचा किनारा. हिंगोली जिल्ह्यात समुद्र कुठला? पण मला तो रोज ऐकू यायचा.

ह्याच रेडिओत दिशा दाखवायचीही सोय होती. लांबच्या एका केंद्राकडून लहरी येतात, त्यावरून आपण केंद्राच्या कोणत्या अंगाला आहोत ते पडद्यावर कळतं. ते वर, हवेत. जमिनीवर बसलेल्या माणसाला ते केंद्र ऐकूच येत नाही. कारण ह्या लहरी सरळ जातात, टेकडी आली की अडतात. त्यामुळे माझ्या हातात दिशेचा पडदा कायम रिकामा.

जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. विजेची मोठी लाइन कुठून न्यायची, त्याची पाहणी आमच्याकडे होती. कुरुंद्याजवळ एका पडीक शेतात आम्ही मुक्काम टाकला होता. त्या दिवशी कॅप्टन साहेब सकाळीच उडाले. बर्वे साहेब ऑफिसला फोन करायला वसमतला गेले. जाताना म्हणाले, "मी येईपर्यंत रेडिओ तुझ्याकडे. काही विचारलं तर उत्तर दे. न विचारता बडबड नको."

ते गेले आणि कालव्याचं पाणी आलं. वरच्या शेताचा बांध फुटला होता. बघता बघता आमच्या शेतात पाणी पसरलं. काळी माती. कोरडी असली की दगड, भिजली की लोणी. त्यात हेलिकॉप्टर बसलं असतं तर पाय रुतून एका अंगाला कललं असतं, आणि फिरता पंखा जमिनीला लागला की संपलं.

शेजारचे माणिकराव धावत आले. ओढ्याच्या वर त्यांचा मुरमाड माळ होता.

"कोकणी भाऊ, हितं काय बसून राहिले? बैलगाडी जुंपतो. तुमचे पिंप माळावर घ्या."

"माळावरून विजेच्या तारा जातात का?"

"न्हाई. माळावर मोटरच न्हाई, तार कशाला जाईल?"

हा प्रश्न महत्त्वाचा होता. त्या भागात शेताशेतातून पंपाच्या तारा गेलेल्या. कुठे खांबावरून, कुठे नुसत्या बांबूवरून. वरून, धुरकट हवेत, त्या दिसत नाहीत. म्हणून हेलिकॉप्टर दिसेल त्या शेतात उतरवत नाहीत. आधी एक माणूस ते शेत पायांनी फिरून येतो. तो माणूस मी. माळ फिरलो, तारा नव्हत्या. बॅरल आणले, दगड वेचले, चुन्याने हेलिकॉप्टर टेकायच्या खुणेचा एच काढला. चुना पुरला नाही, अर्धाच एच झाला. आणि कंपनीच्या रिवाजाप्रमाणे धूर केला. नव्या जागेवर धूर करायचा: वरच्याला जागा कळते, वारा कळतो. मला तर हे फारच पटायचं. आमच्या खाडीच्या तोंडाशी धुक्यात होड्या अडकल्या की काठावर असाच धूर करत. काठावर तो एकच असायचा.

कॅप्टन साहेब ऐकू येण्याच्या टप्प्यात आले तेव्हा मी सांगितलं, "साहेब, जुन्या शेतात पाणी. जागा बदलली. ओढ्याच्या वर, माळ. धूर केलाय, धूर बघा."

"रॉजर," ते म्हणाले. म्हणजे ऐकलं, समजलं. आणि थोड्या वेळाने तो प्रश्न आला.

तो हळद शिजवायचा हंगाम होता. कुरुंद्याच्या शिवारात ज्याच्या त्याच्या शेतात चुलाण पेटलेलं, त्यावर भली मोठी कढई, कढईत काढलेली हळद आणि वर ओलं गोणपाट. सगळीकडे तो गरम, मातकट, गोडसर वास. आठवडाभर मी त्या वासात झोपत होतो, उठत होतो. तो इतका अंगवळणी पडला होता की धूर मला दिसेनासे झाले होते.

"साहेब, गावाच्या उगवतीला. ओढ्याच्या वर."

"ओढा दिसत नाही. ऊन डोळ्यांवर आहे. खाली सगळं दूध पसरल्यासारखं आहे." आवाज शांत होता. "इंधन बेताचं आहे. समोरच्या वाऱ्याने जास्त गेलं. एका धुराकडे जातो. तुझा आहे का सांग."

मी कान लावले. आवाज मोठा व्हायला हवा होता. तो लहान होत गेला.

"साहेब, लांब जाताय! तो माझा नाही!"

दूर कुणी तरी ओरडलं, कुत्री भुंकली. मी बटण दाबून धरलं होतं. सोडलं, तेव्हा त्यांचा आवाज मधूनच सुरू झाला: "...तारा. वर घेतो." मग खरखर. मग, तितक्याच शांतपणे, "तो नव्हता. पुढचा सांग."

असे अजून दोन-तीन धूर चुकले तर इंधन संपणार. मग मिळेल त्या शेतात, तारा असोत नसोत, उतरावं लागणार. कॅप्टन साहेबांच्या डब्यातून मी रोज लोणचं घ्यायचो. हे त्या वेळी का आठवलं, माहीत नाही.

माळाच्या खालच्या अंगाला माणिकरावांचंच चुलाण होतं. त्यांच्या घरच्या गयाबाई आणि दोन बाया कढईजवळ होत्या. मी धावत गेलो.

"बाई, जाळ विझवा! सगळ्यांना सांगा, विझवा!"

गयाबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्यांना घर पेटवायला सांगितलंय.

"इझवा म्हणतंय! अर्ध्यात कढई आलीय. आता जाळ तुटला तर हळद कच्ची राहील, आतून काळी पडंल. कोण घेईल मग? तुमी?"

"वर माणूस आहे बाई. त्याला माझा धूर कळत नाही. एवढ्या धुरांत..."

"मंग दुसऱ्याचे काहून इझवता? एवढा गावभर धूर, त्यात तुमचाच एक उपरा. सोताचा इझवा की!"

बाया हसल्या. त्या टोमण्याने मला राग यायला हवा होता. मी तसाच उभा राहिलो. कानात खरखर, डोळ्यांपुढे ते सगळे धूर, तरंगत असल्यासारखे, एकाही धुराला बूड नसल्यासारखे. आणि त्यातला एकच नाहीसा झालेला मला आधीच दिसला. सांगतो ते खोटं वाटेल, पण तो आधी दिसला, विचार मागाहून आला.

मी रेडिओ तोंडाशी नेला. बटण दाबलं. एक श्वास थांबलो.

"साहेब, वर या. उंचावर. सगळे धूर दिसतील असे."

"मग?"

"मी माझा विझवतोय. पांढरी वाफ उठेल. मग काही नाही. जो बंद होईल तो मी."

"पुन्हा सांग."

"जो बंद होईल तो मी."

"कळलं. वर येतो. मी सांगेन तेव्हाच विझव."

हे त्यांनी सांगितलं म्हणून बरं. मी तर बादली उचललीच होती. कढईत घालायचं पाणी पिंपात भरून ठेवलेलं होतं. गयाबाईंनी काही न विचारता पदर खोचला आणि दोन घागरी भरल्या. "चला रे," माणिकरावांनी हाक दिली. आम्ही चौघं-पाचजण माझ्या जाळाभोवती पाणी घेऊन उभे राहिलो, देवळात आरतीला उभे राहतात तसे. वर तो आवाज गोल फिरत होता.

"आता," रेडिओ म्हणाला.

सगळं पाणी एकदम ओतलं. फस्सकन वाफ उठली. इतकी पांढरी, इतकी मोठी की आम्ही एकमेकांना दिसेनासे झालो. तोंडावर गरम ओलावा. मग वाफ वर गेली, पातळ झाली, आणि आमच्या डोक्यावर नुसतं आभाळ राहिलं. सगळ्या शिवारात तेवढीच एक रिकामी जागा.

मी रेडिओकडे पाहत होतो. बटणावर बोट नव्हतं, दोनदा बघून घेतलं.

"दिसला," कॅप्टन साहेब म्हणाले. "अर्धा एच काढलाय का कुणी?"

"चुना संपला, साहेब."

"बरं. येतो."

वारा कुठला ते त्यांनी विचारलं नाही. दाखवायला गावाचे बाकी धूर होतेच.

आता आवाज मोठा होत गेला. धुरकट पिवळ्या हवेतून हेलिकॉप्टर असं बाहेर आलं जसं पाण्याखालून काही वर येतं, आधी सावली, मग पोट, मग काच. माळावर टेकलं. पंख्याच्या वाऱ्याने खाली गयाबाईंच्या कढईवरचं गोणपाट उडालं आणि थेट बाभळीला जाऊन अडकलं. पंखा थांबेस्तोवर त्या थांबल्या. मग सरळ कॅप्टन साहेबांपुढे गेल्या.

"इतकी वाफ गेली कढईची! झाकण कोण आणून देईल?"

कॅप्टन साहेबांनी हेल्मेट काढलं, बाभळीकडे पाहिलं, आणि काटे टोचून घेत गोणपाट स्वतः काढून आणलं. ते झाकल्यावर मग बाईंनी त्यांना चहा दिला. मी टाकीत किती उरलं ते पाहिलं. कुणाला सांगितलं नाही. साहेबांना माहीतच होतं.

बर्वे साहेब दुपारी आले. माळ, अर्धा एच, ओली राख, सगळं पाहिलं.

"मी नव्हतो. ह्याने काही गोंधळ केला का?"

"बटण धरून ठेवलं होतं एकदा," कॅप्टन साहेब म्हणाले. "बाकी रेडिओ त्याच्याकडेच राहू दे."

राहिला. पुढे बर्वे साहेबांनीच माझ्या मागे लागून परीक्षेचा अभ्यास करून घेतला, मला रेडिओचा परवाना मिळाला. सातवी शिकलेल्यासाठी हे कुणी करत नाही. त्यांनी केलं. गयाबाईंचे आभार मात्र मानायचे राहिले. त्या वेळी सुचलं नाही, आणि दुसऱ्याच दिवशी आमचा मुक्काम हलला.

ह्या कामात मी शिकलो ते एवढंच: रेडिओवर आपण काय पाहतोय ते सांगण्याआधी, वरच्याला काय दिसतंय ते विचारावं. कंपनीच्या रिवाजात धूर अजूनही आहे. मीही करतो. फक्त नव्या जागेवर गेलो की आधी गावात एक चक्कर मारतो आणि विचारतो, आज शिवारात कुणाच्या चुलाणावर काय शिजतंय.