चीलिन कुणी न्यायचा

इथे आखातात, अल नहदाला माझं पोळीभाजीचं दुकान आहे आणि शेजारी एका चिनी बाईचं, मूर्तींचं. ती गिऱ्हाइकांशी भाजी विकल्यासारखी बोलते. "ये ड्रॅगन, प्रमोशन. ये कछुआ, लंबी उमर." चीलिन मात्र दोन्ही हातांनी उचलते. हरणाच्या अंगाचा, खवल्यांचा, एका शिंगाचा हा प्राणी पायाखालचं गवतही न चिरडता येतो आणि घरी मूल आणतो, असं त्यांच्यात मानतात.

"तुम मानती हो?" मी एकदा विचारलं.

"कस्टमर मानता है."

काल दुपारी ती चीलिन लाल कापडात गुंडाळून माझ्या काउंटरशी आली. तिच्या मुलीला सातव्या महिन्यातच कळा सुरू झाल्या होत्या, जावयाने हॉस्पिटलात नेलं होतं.

"दीदी, तुम चलो. जिसका पति, बच्चा सब ठीक, वही देती है." आणि तिने माझ्या टिकलीकडे बोट दाखवलं.

नवरा जाऊन बरीच वर्षं झाली; टिकली मी सवयीने लावते. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही, तरी हात पुढे होईना. मी खरं ते सांगून टाकलं.

तिने फोनकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "बच्चे?"

"दो. एकदम ठीक."

"खलास. यल्ला," म्हणजे इथल्या अरबीत झालं तर, चल, असं म्हणत तिने चीलिन माझ्या हातात दिला.

गाडीत मी तो मांडीवर घट्ट धरून बसले. प्रत्येक गतिरोधकाला ती "आहिस्ता, आहिस्ता" म्हणत होती, आणि गाडी तीच चालवत होती.