भुताच्या हातातलं घड्याळ

पुण्याजवळच्या सणसवाडीत मी टिकलो तो शेजारच्या खोलीतल्या मामांमुळं. त्यांचं नाव विचारायचं राहूनच गेलं. नववीत शाळा सोडून नांदेडहून आलेलो. कंपनीतल्या मशीनला घाबरलो आणि गुरुवारच्या सुट्टीला पळून जायला बॅग भरली.

मामा दारातून ओरडले, "आरं, बॅग ठेव, आधी भूत बघ!"

त्यांच्या मोबाईलवर स्वस्तातला भुताचा पिच्चर चालू होता, आणि भुताच्या हातात चक्क घड्याळ! मामांनी मांडीवर थाप मारली. "त्यालाबी शिफ्ट गाठायची आसंल!"

मी पोट धरून हसलो. मामा एकदम म्हणाले, "हस, पण मान दे. जवळ पैका न्हाई, तरी पिच्चर पुरा केला गड्यांनी."

मी बॅग रिकामी केली. एक दिवस मीही पिच्चर काढीन आणि मामांना असलंच भूत मोठ्या पडद्यावर दाखवीन.